चव्वेचाळीस फ्रेम

कामावर कुणी नवं माणूस आलं की शुलामीथ आवसकर त्याला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगे. एक, जे एकाच फ्रेममध्ये दिसतं ती घाण आणि जे दोन फ्रेममध्ये दिसतं तो सिनेमा. दोन, मूळ प्रतीला हात लावायचा नाही. आधी कॉपी काढायची, मग कामाला बसायचं. बाकीचं हळूहळू येतं, असं म्हणून ती चहा करायला उठे.

पश्चिम लंडनमध्ये एका बंद पडलेल्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर जुने चित्रपट स्वच्छ करण्याचं एक छोटं ठिकाण आहे. तिथे तिची तेवीस वर्षं गेली होती. जुनी फिल्म स्कॅन होऊन संगणकावर येते तेव्हा धूळ, केस, ओरखडे, बुरशीचे ठिपके असं सगळं अंगावर घेऊन येते. सेकंदाला चोवीस फ्रेम. धुळीचा कण एका फ्रेमवर बसलेला असतो, पुढच्या फ्रेमवर नसतो. नायिकेच्या गालावरचा तीळ मात्र शंभर फ्रेम जागचा हलत नाही. हा फरक ओळखायचा, कण पुसायचा आणि तिथे शेजारच्या फ्रेममधला तेवढाच तुकडा आणून बसवायचा. काम चांगलं झालं की काम झालंय हे कुणाला कळत नाही. शुलामीथला नोकरीतलं हेच आवडायचं.

ती मूळची ठाण्याची, टेंभी नाक्याजवळची. आडनाव सासरचं, आवास गावचे म्हणून आवसकर. तिच्या नवऱ्याचे ज्यू पूर्वज तिथे तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. लग्न होऊन ती लंडनच्या इल्फर्डला आली तेव्हा बावीस वर्षांची होती. नवरा रुबेन ट्यूब रेल्वेच्या एका स्टेशनवर तिकीटखिडकीत बसे, पुढे खिडक्या बंद झाल्या तेव्हा घरी बसला. त्यांच्या घरात प्रार्थना हिब्रूत व्हायची, मुलाशी बोलणं इंग्रजीत आणि भांडण मराठीत. मुलगा झॅक त्यातलं भांडण तेवढं नीट शिकला होता.

झॅक सव्वीस वर्षांचा असताना गेला. नोव्हेंबरातला दिवस, दुपारचे साडेचार, भुरभुर पाऊस आणि संपत आलेला उजेड. तो ज्या शाळेत खेळ शिकवायचा तिथून सायकलवर घरी येत होता. त्याच्या उजव्या बाजूने चाललेली लॉरी डावीकडच्या गल्लीत वळली आणि झॅक तिच्या खाली गेला. ड्रायव्हरचं म्हणणं होतं, वळण्याआधी त्याने इंडिकेटर लावला होता. पाहिलेलं कुणी नव्हतं. सगळं येऊन थांबलं ते त्या एका दिव्यापाशी: तो लागला होता की नव्हता.

कोपऱ्यावर एक केमिस्टचं दुकान होतं आणि दुकानावर एक स्वस्तातला कॅमेरा. घरात सात दिवसांचं सुतक चालू होतं, आरशांवर चादरी होत्या, सगळे जमिनीवर बसलेले होते. तेव्हा तो केमिस्ट भेटायला आला आणि जाताना रुबेनच्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवून गेला. माझं मशीन दहा दिवसांनी स्वतःच जुनं पुसतं, म्हणाला, म्हणून काढून आणलं. पोलीस येतील तेव्हा द्या. पोलीस आले ते तीन आठवड्यांनी.

मधल्या काळात सुतक संपलं आणि शुलामीथ कामावर गेली. जेवणाच्या सुट्टीत तिने तो पेनड्राइव्ह लावला. अकरा सेकंद होते. कॅमेरा सेकंदाला चारच चित्रं घ्यायचा, म्हणजे चव्वेचाळीस फ्रेम. त्यातल्या एकोणतीसमध्ये झॅक होता, पिवळं जाकीट घातलेला, मान जराशी खाली. पण कॅमेऱ्याच्या काचेवर पावसाचे थेंब होते, कोळ्याचं जाळं होतं, रस्त्यावरच्या दिव्यांचे ठिपके त्या थेंबांत अडकून चमकत होते. त्याचा चेहरा एका फ्रेममध्ये दिसे, दुसऱ्यात थेंबाखाली जाई.

तिने ते पुसायला घेतलं. आधी त्याच्या गालावरचा एक ठिपका, मग कपाळावरचा, मग जाकिटावरचे. मग सायकलभोवतीचे, मग रस्त्यावरचे. संध्याकाळी सहाला शेवटची फ्रेम झाली, तिने सेव्ह केलं, पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये ठेवला. येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तेवीस वर्षं जे बजावत आली ते तिला त्या दुपारी आठवलं नाही. आई मुलाचं तोंड पुसते तेव्हा आधी कॉपी काढून ठेवत नाही.

पोलिसांच्या तज्ज्ञाला ते दोन दिवसांत कळलं. चित्रात फेरफार झालेला आहे, पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असं त्याने लिहिलं. दुकानातलं मूळ तोवर पुसलं गेलं होतं. ऑगस्टमध्ये पत्र आलं की ड्रायव्हरवर खटला चालवण्याइतका पुरावा नाही. रुबेनने ते पत्र फ्रिजवर चिकटवलं. बायकोला तो एक शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त झालं. पुढे एकदा भाजी चिरताना एवढंच म्हणाला, "शुला, तुला काय वाटलं, धुतलं की तो उठून बसेल?"

तिने चिरलेली भाजी कढईत ओतली. पण तिला खरं खात होतं ते वेगळंच होतं, आणि ते रुबेनला ठाऊक नव्हतं. इंडिकेटर लुकलुकतो. सेकंदाला चार चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात तो एका फ्रेममध्ये सापडेल, पुढच्या फ्रेममध्ये नसेल. एकाच फ्रेममध्ये दिसणारा नारिंगी ठिपका. रस्त्यावरचे दिवेही नारिंगीच होते. त्या दुपारी तिने नारिंगी ठिपके किती पुसले याला गणती नव्हती. त्यातला एक लॉरीच्या कोपऱ्यावरचा होता का? ती रात्रंदिवस तो कोपरा डोळ्यांसमोर आणायची. कधी तिथे दिवा असे, कधी नसे. पुसताना तिने बघितलं नव्हतं. ती फक्त झॅककडे बघत होती.

रुबेनला निदान द्वेष करायला एक माणूस होता. तिला तोही नव्हता.

ऑक्टोबरात कामावर एक जपानी सिनेमा आला. पन्नासएक वर्षांपूर्वीचा, अगदी स्वस्तात काढलेला. काढणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, पण इथे ब्रिटनमध्ये त्याच्यावर जीव टाकणारे काहीशे लोक होते. नायिकेचं चित्र छापलेले टी-शर्ट घालणारे, तिचे संवाद पाठ असणारे. त्यांच्यासाठी त्याची नवी डिस्क निघणार होती. गोष्ट एका धोबिणीची. चार माणसांनी तिच्या घरच्यांना नदीच्या उतारावर बुडवून मारलेलं असतं. कपडे वाळत घालायच्या बांबूत ती तलवार लपवते आणि गावोगाव त्या चौघांना शोधत हिंडते. कॅमेरा तिच्या उघड्या खांद्यांवरून हलायला तयार नसतो, आणि माणूस मेला की रक्त नळ फुटल्यासारखं उडतं. पण त्या बाईचा एक नियम असतो. ज्याला आठवत नाही त्याला मारायचं नाही. ती समोर बसते, विचारते, नदी आठवते का, आणि वाट बघते. एकाची तर तीन दिवस वाट बघते. आठवलं की मग उठते. चौघांनाही आठवतं.

साफसफाईचं बरंचसं काम आता सॉफ्टवेअर करायचं. त्याने हा सिनेमा एका रात्रीत धुऊन काढला आणि सकाळी वरदाने पहिलं रीळ लावलं तर तलवार चालते आहे, माणसं पडताहेत आणि रक्ताचा थेंब नाही. उडालेला थेंब एकाच फ्रेममध्ये असतो. मशीनच्या लेखी ती धूळ.

"मावशी, शाकाहारी करून टाकला हो सिनेमा," वरदा म्हणाली. ती पुण्याची, सत्तावीस वर्षांची. कोर्स करायला आली आणि शुलामीथच्या शेजारच्या टेबलावर राहून गेली. ऑफिसात मराठी बोलणाऱ्या त्या दोघीच.

तेव्हा प्रत्येक ठिपका माणसानेच बघायचा असं ठरलं. रक्त की घाण, एकेक करून. साहेबांनी शुलामीथला विचारताना नजर तिच्या टेबलावर ठेवली. जमेल का, दुसरं कुणी करू शकेल. द्या, ती म्हणाली. आठवड्याभरात कळून चुकलं की तिला जमत नाहीये. ती काहीच पुसत नव्हती. दिवसाला अख्खं रीळ करणारी बाई एका फ्रेमपुढे दहा दहा मिनिटं बसून राही आणि मग ती तशीच सोडून पुढे जाई.

"मावशी, हा केस आहे," वरदा खुर्ची सरकवत म्हणे. "सरळ सरळ केस आहे. कुणाच्या तरी डोक्यावरचा."

"असू दे."

"आणि ही माशी?"

"तिलाही असू दे. तिचं काय बिघडलं?"

वरदा हसली, आणि मग शुलामीथ हसत नाहीये हे बघून खुर्ची आपल्या टेबलाकडे घेऊन गेली. संध्याकाळी शुलामीथ गेल्यावर ती मागे थांबून ते केस आणि त्या माशा पुसून टाकी. तीन महिने हे असं चाललं.

जानेवारीत एक पत्र आलं. ड्रायव्हरचं. पोलिसांमार्फत, रीतसर परवानगी मागून. त्याचं नाव टेरी, वय बासष्ट, रॉमफर्डला राहणारा. त्याला झॅकच्या आईवडिलांना एकदा भेटायचं होतं. रुबेनने पत्र वाचून टेबलावर उलटं ठेवलं. त्याचं तोंड बघितलं तर माझ्या हातून काहीतरी होईल, म्हणाला, आणि तूही जाणार नाहीस. शुलामीथ बरं म्हणाली. गुरुवारी सकाळी दहा वाजता ती कामावर जायच्या कपड्यांत स्टेशनजवळच्या कॅफेत जाऊन बसली.

तिने वर्षभर ज्याचा चेहरा मनात आणून पाहिला होता तो हा नव्हता. समोर आला तो वाकलेल्या खांद्यांचा, दाढी करताना हनुवटीला कापलेला माणूस. त्याने दोन चहा आणले आणि एकालाही हात लावला नाही. लॉरी चालवणं सोडल्याचं त्याने सांगितलं. आता घरीही गाडी चालवत नाही, बसने जातो. बस वळताना डोळे मिटतो. हे सगळं तो चहाकडे बघत सांगत होता आणि ती ऐकत होती. मग त्याने वर बघितलं.

"मिसेस आवसकर, रिपोर्टमध्ये होतं, तुम्ही ते चित्र साफ केलंत. म्हणजे साफ करण्याआधी तुम्ही ते पाहिलंत."

तिने मान डोलावली.

"मी पोलिसांना सांगितलं, दिवा लावला होता. तेव्हा मला तसंच वाटत होतं. चाळीस वर्षं लावत आलो, म्हणजे लावलाच असणार." त्याने एका हाताची बोटं टेबलावर उघडली. "पण या हाताला ते आठवत नाही. रोज बघतो मी त्याच्याकडे. लावला होता तर एक, नव्हता तर दुसरं. दोन्हीतलं कुठलंही घेऊन मी राहीन. हे मधलं नाही घेता येत मला."

बाहेरून बस गेली, कपातला चहा हलला. शुलामीथला वाटलं, हा माणूस तेच मागतोय जे मी मागते आहे. तीच एक फ्रेम. साऱ्या इंग्लंडात ती हवी असणारी दोनच माणसं होती आणि ती दोघं एका टेबलाशी बसली होती.

खरं उत्तर एकच होतं: मला माहीत नाही. ते तिच्या ओठांपर्यंत आलं. ते दिलं असतं तर तो तसाच उठून गेला असता, बसमध्ये बसला असता, वळणावर डोळे मिटले असते. आणि तीही तशीच. दुसरं उत्तर, होता. पण दिवा होता म्हटलं की झॅकने तो बघितला नाही, किंवा बघूनही पुढे घुसला. मेलेल्या पोरावर ते ठेवायला तिचा जीव होईना. उरलं तिसरं. ते देताना तिला राग आला नाही, आपण सूड घेतोय असंही वाटलं नाही. कामावर वाटायचं तसं वाटलं, की इथे काहीतरी बसवायला हवं, जागा रिकामी ठेवता येत नाही.

"नव्हता," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. मग उघडून म्हणाला, "थँक यू." खरंच म्हणाला, मनापासून, जसं एखादं माणूस डॉक्टरला म्हणतं. उठताना त्याने तिची खुर्ची नीट केली, तिच्या पर्सचा पट्टा जमिनीला लागत होता तो उचलून टेबलावर ठेवला, आणि गेला.

ती तशीच कामावर गेली. शेवटचं रीळ उरलं होतं. धोबीण चौथ्या माणसासमोर बसली होती, बर्फ पडत होतं, त्याला आठवत होतं. शुलामीथने दुपारी चारपर्यंत ते रीळ संपवलं. रक्त, घाण, घाण, रक्त. हात एकदाही थांबला नाही. वरदा मध्येच येऊन मागे उभी राहिली आणि म्हणाली, "आलात मावशी परत." शुलामीथने पुढची फ्रेम घेतली.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, पोलीस ऑफिसरचा फोन आला. रुबेननेच घेतला. ती आतल्या खोलीत इस्त्री करत होती. बाहेर तो नुसतं येस, येस म्हणत होता आणि त्याचा आवाज चढत चालला होता. ड्रायव्हर स्वतः होऊन पोलीस ठाण्यावर गेला होता. आपण इंडिकेटर लावला नव्हता, आधी दिलेला जबाब खोटा होता, असं त्याने लिहून दिलं होतं. वकील नको म्हणाला होता. केस पुन्हा उघडणार होती, आणि तुरुंग व्हायची शक्यता होती.

रुबेन दारात येऊन उभा राहिला. सव्वा वर्षात त्याची पाठ एवढी सरळ तिने पाहिली नव्हती.

"कबूल केलं त्याने, शुला. स्वतःहून. कुणी मारलं नाही, झोडलं नाही." मग म्हणाला, "तुझं ते पुसणंबिसणं, गेलं सगळं. मी तुला टाकून बोललो होतो ना भाजी चिरताना... विसर तू ते."

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

इस्त्रीतून वाफ आली. तिने ती उभी करून ठेवली. "नारळ आहे का घरात?"

तो हसला. तिला आठवण आहे याचाच त्याला आनंद झाला होता. झॅक गेला त्या महिन्यात दोघांनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलला होता: पोराला न्याय मिळू दे, गोड पोह्यांचा मलिदा करू. त्या दोघांच्या लोकांत नवस फळाला आला की तो लगेच फेडायचा असतो. मागे ठेवायचा नसतो. रुबेन कोट चढवून इल्फर्ड लेनवर गेला आणि तासाभरात पोहे, वेलची, पाच तऱ्हेची फळं, गुलाबाची फुलं आणि दोन नारळ घेऊन आला. फ्रिजवरचं ते ऑगस्टचं पत्र त्याने काढलं आणि घडी करून खिशात टाकलं. मग फोनवर बसला. वेम्बलीचे त्याचे मामेभाऊ, हॅरोची बहीण. या, संध्याकाळी या. प्रत्येकाला तो पहिल्यापासून सांगत होता, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरचा अपराध जरा मोठा होत होता.

शुलामीथने ठाण्याहून आणलेली विळी काढली आणि स्वयंपाकघरात खाली बसून नारळ खवायला घेतला. संध्याकाळी ताटाभोवती सगळे उभे राहतील, रुबेन प्रार्थना म्हणेल, आभार मानेल, आणि तिने आमेन म्हणायचं. टेरी आता बसमध्ये डोळे उघडे ठेवत असेल. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, रुबेनलाही. तिने डोळे मिटून पुन्हा एकदा लॉरीचा तो कोपरा आणून पाहिला. आज तिथे दिवा होता. स्वच्छ, नारिंगी, लुकलुकणारा.

ताटात पांढरं खोबरं पडत होतं. त्यात करवंटीचा एक तपकिरी कण आला. तिने तो नखाने उचलून कडेला ठेवला. मग आणखी एक दिसला, मग बारीकसा तिसरा. विळी थांबली होती आणि ती कण वेचत होती.

"शुला, झालं का?" बाहेरून रुबेनने विचारलं. "लोक यायला लागतील."

"झालंच," ती म्हणाली, आणि ताट उजेडात ओढून पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.